दुसरा रहाट

पुढे लिहितो ते माझ्या बायकोला ठाऊक नाही. ज्यांच्याबरोबर आयुष्य काढलं त्या मित्रांनाही नाही. बातमीदार म्हणून मी दुसऱ्यांबद्दल पुष्कळ लिहिलं — हे मात्र टाळत आलो.

धर्मांतराला दोनेक वर्षं झाली असतील. यवतमाळच्या एका साप्ताहिकात मी जुना बातमीदार होतो आणि देवराव नवा. माझ्या घरात कचेरीतल्या नोकऱ्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या; त्याच्या घराने नुकतीच बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली. मला त्याचा हेवा वाटे. माझं वाक्य स्वच्छ असे, त्याच्या मजकुरात खाडाखोड फार. पण त्याची बातमी वाचून झाली की संपादक चष्मा काढून थोडा वेळ गप्प बसत. माझी वाचून कधी बसले नाहीत.

हेवा नेमका कशाचा होता? त्याच्या एका सवयीचा. गावात कार्यक्रम असला की आम्हा बातमीदारांसाठी व्यासपीठाजवळ खुर्च्या मांडलेल्या असत, चहा येई. मी बसे. तो बसत नसे. सभेभोवती फेरी मारी, मागे बायकांजवळ उभा राही, मग आणखी कुठे. एकदा मी त्याला टोकलं — दारोदार फिरून गोळा करायला बातमी म्हणजे काय भिक्षा आहे? टोमणा कुठे लागावा म्हणून मारला, ते मला माहीत होतं. त्यालाही कळलं. तो हसून म्हणाला, "भाऊ, तुमी खुर्चीवरून जे पाह्यता ते खोटं नसते. पण खुर्ची तिथंच काहून मांडली, तेबी पाहा न."

हे मला सुचलं नव्हतं. म्हणूनच ते डाचलं.

मारेगावकडच्या एका गावात विहीर सर्वांसाठी खुली होणार होती. आम्ही दोघेही गेलो. अधिकाऱ्यांनी रहाटावरून पहिली बादली ओढली, एकाच तांब्यातून चारचौघे पाणी प्यायले, टाळ्या झाल्या. मी सगळं टिपलं. देवराव मात्र मंडपाच्या पडद्याआड गेला तो बराच वेळ आला नाही. त्याला तिथे काय दिसतंय? — या प्रश्नाने मला बसवेना. मी खुर्ची सोडली. पहिल्यांदाच सोडली, आणि तीही हेव्याने.

पडद्यामागे, विहिरीच्या दुसऱ्या अंगाला, आणखी एक रहाट होता. लाकूड नवं, दोर नवा. बौद्ध वस्तीतल्या बाया त्यावरून पाणी ओढत होत्या. देवराव माझ्याकडे पाठ करून उभा होता आणि एक म्हातारी त्याला सांगत होती, "पाणी एकच हाये बापा, पण आमचा दोर त्याइच्या दोराले लागू नये म्हंतेत."

मी आल्या पावली परतलो. खुर्चीवरून दिसलं ते खरं होतं, पडद्यामागचंही खरं होतं, आणि दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय ते गाव कळत नव्हतं. हे मला त्या क्षणी कळलं. तरी मी एका रहाटाची बातमी लिहिली — का? दुसरा त्याने आधी पाहिला होता.

संपादकांनी देवरावची बातमी छापली. गावातले पुढारी कार्यालयात येऊन बसले. दुसरा रहाट नाहीच, हवं तर चला दाखवतो, असं म्हणू लागले. तोवर त्यांनी तो काढलेला असणार. खोटं लिहिणाऱ्याला ठेवू नका, हा त्यांचा हट्ट. संपादकांनी देवरावला विचारलं, साक्षीला कोण?

"भाऊले विचारा," तो म्हणाला.

संपादक माझ्याकडे वळले. मी म्हणालो, "मी बसलो होतो तिथून एकच रहाट दिसत होता."

या वाक्यात खोटा शब्द कुठे आहे? नाही. मी ते तसंच घडवलं होतं.

देवरावने माझ्या चपलांकडे पाहिलं. तेव्हा मला आठवलं — परतीच्या एसटीत त्याच्या शेजारी बसून मी काडीने चपलांची ओली काळी माती खरवडत होतो. मंडपात सगळीकडे सतरंज्या होत्या. चिखल होता तो फक्त पडद्यामागे, सांडलेल्या पाण्याचा. त्याने तेव्हाच ओळखलं होतं. म्हणून तर एवढ्या निर्धास्तपणे माझं नाव घेतलं. मग चपलांचं त्याने संपादकांना का सांगितलं नाही? मी कधी विचारलं नाही.

कुणी म्हणेल, जात आडवी आली. आली असेल. मला जात आणि हेवा वेगळे करता येत नाहीत.

देवरावला काढलं. खुलासा लिहायचं काम माझ्याकडे आलं. एकही खाडाखोड न करता लिहिला. तो वाचून संपादक चष्मा काढून थोडा वेळ गप्प बसले. मला बरं वाटलं.

त्या विहिरीवर दोन रहाट होते. दुसऱ्याजवळ मी उभा होतो.