पोट शिरोळला, पुस्तक शाहूपुरीत

मॅन्युअल वाचल्याशिवाय मी मिक्सरसुद्धा लावत नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ड्रॉइंग ऑफिसात मी काम करतो. तिथं मापाशिवाय काही हलत नाही, आणि जे कागदावर नाही ते नाहीच, असं आम्ही धरून चालतो. त्यामुळं बायकोला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी काय केलं असेल, तर पुस्तकाच्या दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, कुणासाठी हवंय. मी म्हणालो, माझ्यासाठी. तो हसला, आणि हसण्याची भरपाई म्हणून की काय, दुकानातलं सगळ्यात जाडजूड पुस्तक त्यानं काढून दिलं.

मुखपृष्ठावर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतलं एक जोडपं खिडकीत बसून हसत होतं. पुस्तक इंग्रजीवरून मराठीत आणलेलं आहे हे पहिल्याच पानावर कळत होतं. दर आठवड्याला एक प्रकरण. या आठवड्यात बाळ ब्लूबेरीएवढं, पुढं कधीतरी ॲव्होकाडोएवढं. ॲव्होकाडो आम्ही दोघांनीही फक्त मोबाईलवर पाहिलेला. बायकोनं त्याजागी सरळ वांगं धरलं आणि विषय मिटवला. संध्याकाळी जेवणं झाली की मी मोठ्यानं वाचायचो, ती भांडी विसळत ऐकायची आणि मधूनच विचारायची, ह्यात आंबील न्हाय व्हय? नव्हती. ब्रोकोली होती. त्या पुस्तकाचे माझ्यावर जे काही उपकार असतील ते त्या संध्याकाळींचे.

पाचव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की वार, म्हणजे प्लॅसेंटा, खाली आहे, जिने चढ-उतार नको. आमचा फ्लॅट शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्टची नुसती जागा सोडलेली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ही आमच्याकडची रीत आहेच. ती एरवी सातव्यात गेली असती, ती पाचव्यातच शिरोळला निघाली. न्यायला सासूबाई आल्या. मी तिच्या बॅगेत कपड्यांवर पुस्तक ठेवलं होतं. सासूबाईंनी ते उचललं, त्या हसणाऱ्या जोडप्याकडं जरा वेळ पाहिलं आणि टेबलावर ठेवून दिलं. म्हणाल्या, "आमच्यात बायका हाईत की. पुस्तक कशाला?"

त्यात टोमणा नव्हता. पण अशा तऱ्हेनं पोट गेलं शिरोळला आणि पुस्तक राहिलं शाहूपुरीत, माझ्याबरोबर.

पुढचं प्रकरण मी एकट्यानं वाचलं. समोर खानावळीच्या डब्यातली गार भाकरी. त्यात लिहिलं होतं की या दिवसांपासून बाळाची हालचाल बाहेरूनही जाणवू लागते. जोडीदाराच्या पोटावर हात ठेवा, बाळाशी बोला, बाळ तुमचा आवाज ओळखू लागेल. मी ते दोनदा वाचलं. ती इथून गेली तेव्हा तिला स्वतःलाच जेमतेम काहीतरी फडफडल्यासारखं वाटत होतं. माझ्या हाताला काहीच लागलं नव्हतं. मला दुसरं काही नको होतं. बाळ पोटात आहे तोवर एकदा तरी हात ठेवून ती लाथ बघायची होती. पुस्तकानं ही गोष्ट इतकी सहज लिहिली होती, जणू हात लांब केला की पोट आहेच.

सुट्टीच्या दिवशी मोटरसायकल काढून शिरोळला जायचो. आता जावई म्हणजे काय चीज असते हे सांगायला हवं. जावई आला की त्याला सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, गादीवर बसवतात. पाणी येतं, चहा येतो, पोहे येतात. सासरे समोर बसून ऊस, पाणी, कारखाना असं सांगतात. दुपारी मटणाचं ताट येतं आणि ते संपेपर्यंत कोणी उठू देत नाही. मग बायको आतून येते आणि दाराच्या चौकटीशी बसते. मी विचारायचो, बरं आहे ना? ती म्हणायची, बरं हाय की. सासरे म्हणायचे, वजन चांगलं वाढलंय. एवढ्यात ऊन उतरायचं आणि सगळे म्हणायचे, उजेडात निघा, रस्ता बरा न्हाय. पोटावर हात ठेवू का, असं वडीलधाऱ्यांसमोर मी कोणत्या तोंडानं विचारणार? येताना हायवेला लागलो की संताप यायचा. सासऱ्यांवर रागवावं तर त्यांनी पोटभर जेवू घातलेलं. मग मी पुस्तकावर चिडायचो. बायको माहेरी गेलेल्या बापानं काय करायचं, यावर त्यात एक ओळ नव्हती. पानापानावर नुसतं ‘तुम्ही दोघं’. तुम्ही दोघं पोहायला जा. तुम्ही दोघं छोटीशी सहल काढा.

शेवटी बायकोनंच तोड काढली. संध्याकाळी मी फोन केला की ती फोन स्पीकरवर टाकून पोटावर ठेवायची आणि म्हणायची, बोला. काय बोलणार? रिकाम्या खोलीत, पंख्याखाली बसून, दिसत नसलेल्या माणसाशी माणूस काय बोलतो? मला घाम फुटायचा. म्हणून मी पुस्तकच वाचायला लागलो. या आठवड्यात तुझ्या भुवया येतील. या आठवड्यात तुला उजेड-अंधार कळेल. पाठीमागून चुलतसासवांचा आवाज यायचा, आज कंचं फळ हाय इचार की, आणि मग हशा. मी पण हसायचो. फोन ठेवला की फ्रिजचा आवाज तेवढा उरायचा.

एकटं वाटायचं, हे सरळच सांगतो. लोक म्हणायचे, मजा आहे बाबा तुझी, बायको माहेरी. ऑफिसात तर रोज कोणीतरी म्हणायचं. मी पण डोळा मारल्यासारखं करायचो. घरी येऊन एका ताटात जेवायचो आणि ते पुस्तक समोरच्या खुर्चीवर ठेवायचो, म्हणजे खुर्ची रिकामी दिसू नये.

पुस्तकाचा उपयोग झालाच नाही, असं म्हणालो तर ते खोटं होईल. एकदा फोनवर ती सहज म्हणाली की पाय सुजल्यात. मी लगेच पानं उलटली. तिथं लिहिलं होतं की सूज आली तर रक्तदाब तपासून घ्या. मी तसं सांगितलं. सासूबाईंनी फोन घेतला आणि म्हणाल्या की पोटुशीचे पाय सुजायचेच, आणि दाबायला आम्ही आहोत. मी पहिल्यांदाच त्यांच्याशी हुज्जत घातली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेल्यावर दाब वाढलेला निघाला, गोळ्या सुरू झाल्या आणि सगळं वेळेत आटोक्यात आलं. पाय मात्र त्यांनीच दाबले. त्या पुस्तकाला दुखणं ओळखता येत होतं, ते मी नाकारत नाही. एका माणसाला दुसऱ्या माणसाजवळ कसं पोचवायचं, हे त्याला येत नव्हतं. आणि मला नेमकं तेच हवं होतं.

शेवटी शेवटी मी वडिलांच्या बॅगेचं प्रकरण वाचून बॅगसुद्धा भरली. बदलायचे कपडे, चार्जर, खजूर. पुस्तक म्हणत होतं की कळा सुरू झाल्या की शांत राहा, तिचा हात धरा. मी शांत राहायची तयारी करून बसलो होतो. फोन आला तो ऑफिसात, सकाळच्या चहाला.

"पावणं, सुटका झाली बघा," सासरे म्हणाले. "लेक झाली. दोघीबी बऱ्या हाईत. पाटंचंच झालं, पर तुमची झोपमोड कशाला म्हणून थांबलो."

आमच्याकडं असंच करतात. सगळं सुखरूप पार पडल्यावरच दुसऱ्या घरी कळवायचं, उगाच तिकडच्यांच्या जिवाला घोर नको. माझ्या बहिणीच्या वेळी आमच्या घरानंही तेच केलं होतं. मी सगळ्यांना पेढे वाटले, मोटरसायकलला ती बॅग बांधली आणि निघालो. वाटेत अतिग्रे गावाच्या पुढं गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ उभा राहिलो. आनंद झाला होता, नाही असं नाही. पण तिचा हात धरायचा राहिला होता, आणि आता पोटच उरलं नव्हतं.

दवाखान्यात सासूबाईंनी दुपट्यातलं बाळ माझ्यापुढं धरलं. मी वाकून म्हणालो, बाळा, मी आलोय. पुस्तकाच्या हिशेबानं तिनं आवाज ओळखायला हवा होता. तिनं असा काही टाहो फोडला की शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. मी अजून दोन-तीनदा बोलून बघितलं, ती आणखी लाल झाली. सासूबाई तिला घेऊन बाजूला गेल्या आणि ती गप्प झाली.

पुढचे काही दिवस परत फोन. सव्वा महिना होईपर्यंत तरी दोघी तिकडेच राहणार होत्या. एका संध्याकाळी पाठीमागं लेकीचं रडणं चाललेलं आणि मी काहीतरी बोलत होतो, आणि अचानक रडणं थांबलं. बायको म्हणाली, बोला, थांबू नका. मी बोललो, लेक गप्प. मी थांबलो, लेक सुरू. बायको हसायला लागली. "तुमचा फोनातला आवाज वळकती ती," म्हणाली. "तुमाला न्हाय, फोनाला."

मी पण हसलो. फोन ठेवल्यावर मात्र रडू आवरेना.

त्यानंतरच्या सुट्टीला गेलो तेव्हा नेहमीसारखा सोप्यात बसलो. बाळंतिणीची खोली मागच्या बाजूला, शेकशेगडीचा आणि ओव्याच्या धुरीचा वास पार पुढपर्यंत येत होता. लेक आत रडत होती. सासूबाई जोजवत होत्या, चुलतसासू काहीतरी म्हणत होत्या, रडणं काही थांबेना. चहावर साय धरली. सासरे सुपारी कातरत उसाच्या तोडीचं सांगत होते आणि माझं लक्ष त्यात नव्हतं. मी खिशातून फोन काढला आणि बायकोला लावला.

आत रिंग वाजलेली बाहेर ऐकू आली. तिनं उचलला आणि नेहमीसारखा स्पीकरवर टाकला. मी खाली मान घालून हळू आवाजात, पाठ झालं होतं ते म्हणायला लागलो. या आठवड्यात तुझ्या भुवया येतील. या आठवड्यात तुला उजेड-अंधार कळेल. आतलं रडणं उतरत उतरत थांबलं.

सासऱ्यांचा अडकित्ता पण थांबला होता. ते एकदा माझ्याकडं, एकदा आतल्या दाराकडं बघत होते.

"आत जावा की पावणं," ते म्हणाले. "हितनं तिथं फोन कशापायी?"

मी विचारलं, चालतंय का.

"न चालायला काय झालं? आमाला वाटलं, तुमालाच अवघडल्यागत हुतंय. म्हणून तर इतकं दिस सगळी हितंच बसत हुतो."

इतके महिने मला कुणीच अडवलं नव्हतं. मी आत जायला लाजतोय म्हणून ते बिचारे ऊस आणि कारखाना पुरवून पुरवून सांगत होते, आणि मी त्यांना वाईट वाटेल म्हणून ऐकत होतो.

फोन कानाला तसाच ठेवून, बोलत बोलतच मी आत गेलो. बाजेजवळ पोचलो तसे दोन्ही फोन एकदम चिरकले. लेक दचकली. बायकोनं तिचा फोन बंद केला, मग हात लांब करून माझाही काढून घेतला. सासूबाई शेगडी सारखी करायचं निमित्त काढून बाहेर गेल्या.

"बोला आता," बायको म्हणाली.

पुस्तक शाहूपुरीत खुर्चीवर होतं आणि पाठ केलेलं सगळं एकाएकी डोक्यातून गेलं होतं. लेकीनं तोंड वाकडं केलं, आता सुरू होणार हे दिसत होतं. मला एकच गोष्ट आठवली, ती मी केली. दुपटं बाजूला सारून तिच्या पोटावर हात ठेवला. माझ्या हाताखाली ते अख्खं पोट मावलं, गरम, वरखाली होणारं. ती रडलीच, काही केल्या थांबली नाही. पण रडता रडता तिनं पाय झाडला आणि तो माझ्या मनगटाला लागला. मी बायकोला म्हणालो, "लाथ मारली." ती म्हणाली, "मारती की. आतबी अशीच मारायची." मी हात काढला नाही.