व्याह्यांचं अमेरिकेतलं गाव

२०१९ साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो आणि त्या वर्षी मला कळलं, की आमच्या व्याह्यांसारखा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात दुसरा नाही. राहायला डोंबिवलीत, भाजी डोंबिवलीत, दाढी डोंबिवलीत, आणि मन मात्र अमेरिकेतल्या दोन हजार वस्तीच्या एका गावात. त्या गावाचं नाव माझ्या तोंडात बसत नाही आणि मी ते बसवूनही घेणार नाही. खाडीच्या काठाला आहे, म्हणून मी त्याला खाडीगाव म्हणतो. गाव खरं नाही, टीव्हीवरच्या मालिकेतलं आहे. पण हे व्याह्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती.

दोष माझ्याच पोराचा, म्हणजे त्यांच्या जावयाचा. सासरे रिटायर झाले, घरात बसून सासूबाईंच्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवतात, म्हणून यानं त्यांच्या टीव्हीला काहीतरी जोडून दिलं. व्याही सरकारी खात्यात नकाशे काढायचे. मालिकेचे दोन भाग होतात न होतात तोच यांनी खाडीगावचा नकाशा काढून स्वयंपाकघरात कालनिर्णयाच्या शेजारी लावला. पोस्ट, चर्च, धक्का, पाव-बिस्किटाचं दुकान, सगळं मापात. सातव्या भागात चर्च रस्त्याच्या उजवीकडे दिसलं, तर हे जेवणावरून उठले. तिसऱ्या भागात ते डावीकडे होतं म्हणे. "अहो, चर्च काय चालत गेलं का?" असं विहीणबाईंना विचारत होते, जसं काही त्यांनीच ते हलवलं. तिकडे गावात पाऊस पडला की इकडे हे छत्री घेऊन दूध आणायला जायचे.

आता माझी त्या गावाशी ओळख कशी झाली ते सांगतो, आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. एका शनिवारी सकाळी मी डोंबिवलीला फोन केला. पलीकडे व्याह्यांचा आवाज घोगरा.

"काय सांगू व्याही. आमची एडना गेली. काल संध्याकाळी. पोस्टात, बसल्या जागी."

मी खाली बसलो. एडना कोण, ते मला माहीत नव्हतं. पण डोंबिवलीच्या सोसायटीत शेजारी कोणीही असतं, आणि मयताच्या घरी चौकशा करायच्या नसतात. आमच्यात एक रीत आहे. ज्या घरात माणूस गेलं तिथे चूल पेटत नाही, सोयऱ्यांनी जेवण घेऊन जायचं. आणि हे तर मुलीकडचे, शिकलेले, वरच्या जातीचे. कळव्याचे आगरी रीतीला कमी पडले असं मी म्हणू देणार नव्हतो. तासाभरात तांदळाच्या साठ भाकऱ्या आणि पातेलंभर वालाची आमटी घेऊन आम्ही अकरा जण टेम्पोत बसलेलो. पाच बायका, डोक्यावर पदर.

विहीणबाईंनी दार उघडलं आणि पातेलं बघून घाबरल्याच. "अहो, कोण गेलं?"

दुसरा कोणी असता तर हसला असता, नाहीतर माफी मागितली असती. आमचे व्याही पुढे आले, हात जोडले, "या, बसा" म्हणाले, आणि गंभीर चेहऱ्यानं टीव्ही लावला. तेव्हा मला कळलं. कानापर्यंत तापलो मी. उठून जाणार, तोच आमची बायको पदर तोंडाला लावून रडायला लागली. "गो बाय, कवरी चांगली व्हती! पत्र हातात तशीच रायली!" पाठोपाठ बाकीच्या चौघी. मग एडनासाठी सगळे भाकऱ्या जेवले. मी जेवलो नाही. परत या घरात पाय ठेवणार नाही, असं मनात ठरवून आलो.

पुढच्या शुक्रवारी गेलो. पण ते फक्त पोस्टात आता कोण बसतं एवढंच बघायला.

मग दर शुक्रवारी जायला लागलो. मला इंग्रजी येत नाही. व्याही शेजारी बसून सांगायचे. तिकडचा माणूस पाच मिनिटं बोलला की हे म्हणायचे, "नको म्हणतोय." आणि एखादी बाई नुसतं "हं" म्हणाली की टीव्ही थांबवून तिचं माहेर, तिचा पहिला नवरा, पायाचं दुखणं, सगळं सांगायचे. आमचं दोघांचं माणूस एकच होतं, म्हातारा हेन्री. होडीवाला, हट्टी, मुलाशी अबोला. व्याही म्हणायचे, "हा तुमच्यासारखा आहे." मी म्हणायचो, "माझ्यासारखा असता तर त्यानं दाढी केली असती."

तेराव्या भागात संध्याकाळच्या वेळी हेन्री एकटाच होडी घेऊन खाडीत गेला. बायको ओट्यावर दिवा घेऊन उभी. आणि पडदा काळा झाला. चौदावा भाग आलाच नाही. मालिका बंद केली. बघणारे कमी होते म्हणे. मी पोराला विचारलं, "कळव्यातून आम्ही अकरा जण, ते धरले होते का?" व्याह्यांनी कंपनीला चार पत्रं लिहिली, नकाशाची प्रत जोडून. उत्तर नाही.

त्याच सुमाराला त्यांची छाती दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन ताबडतोब करायला हवं, थांबलात तर भरवसा नाही. आणि आमचे व्याही कागदावर सही करेनात. विहीणबाई रडल्या, सूनबाई रडली. तीन आठवडे असेच गेले. शेवटी मला पाठवलं, एका हट्टी माणसाला दुसरा लागतो म्हणून. दुपारची वेळ होती. व्याही नकाशासमोर बसलेले.

"सही का करत नाही?"

"भूल देतात ना, व्याही," ते हळूच म्हणाले. "तसाच काळा पडदा. पुढचं कोणी दाखवलं नाही तर?"

मला माहीत नाही ते मी बोलत नाही, हा माझा जन्माचा बाणा. पण म्हणालो, "हेन्री परत आला."

"कोणी सांगितलं?"

"मी सांगतो. तो शेवटचा भाग लावा."

लावला. मी काठी टीव्हीला टेकवून दाखवलं. "हा चिखल बघा. ओहोटी लागलीय. ओहोटीला गेलेली होडी भरतीला येते, सहा तासांनी पाणी फिरतं. आणि बरोबर डबा नाही नेला. कायमचा जाणारा माणूस डबा नेतो."

"मरायला जाणाराही डबा नेत नाही, व्याही."

माणूस शिकलेला, त्याला फसवणं सोपं नाही. "बरं, आता थांबवा," मी म्हणालो. "धक्क्यावरचा दोर बघा. गुंडाळून खुंट्याला अडकवलाय. का? परत आल्यावर होडी बांधायला लागणार म्हणून. माझा बाप मिठागरावरून होडी काढायचा तेव्हा रोज तसाच अडकवायचा."

व्याह्यांनी चष्मा काढला, पुसला, दोर पुन्हा बघितला. मग म्हणाले, "पेन द्या."

बाप शेवटच्या दिवशीही दोर तसाच अडकवून गेलेला. आठ दिवस तो खुंट्यावर होता, मग आईनं काढला. चौथीतून माझी शाळा सुटली ती तेव्हाच. पण हे मी व्याह्यांना सांगितलं नाही, आणि ते ऑपरेशनमधून उठले म्हणून आज इथे लिहिताना मला त्याची लाज वाटत नाही.

ऑपरेशन नीट झालं. दोन दिवसांनी मी भेटायला गेलो तर नळ्या लावलेल्या, ओठ सुकलेले. जवळ बोलावलं. मला वाटलं आभार मानणार, म्हणून मी आधीच मान दुसरीकडे वळवली.

"परत आला ते कळलं," ते म्हणाले. "पण मुलाशी बोलला का?"

"बघतो," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाण्याचं दुकान उघडताच मी एक दोनशे पानी वही आणली, ओट्यावर बसलो, आणि शाळा सुटल्यानंतर साठ वर्षांनी पहिल्या पानावर ‘भाग चौदावा’ घालून, रेघ मारून खाली लिहिलं: भरती लागली.