आडवी बाटली आणि माझे भाचे

गुडघे गेले, दात गेले, जीभ मात्र शाबूत आहे. पण घरात तिच्या तावडीत सापडेल असं आता कुणी उरलं नाही. सून कामावर, नातवंडं मोबाईलमध्ये, नवऱ्याला ऐकू येत नाही किंवा तो तसं सोंग करतो. म्हणून मी एक जुनी बाई धरून ठेवली आहे आणि दुपारी तिला सोलत बसते. ती बाई म्हणजे मीच, पन्नाशीतली. बचत गटाची अध्यक्ष, ग्रामसभेला पैठणी नेसून जाणारी आणि माईक दिसला की अंगात आल्यासारखी घुमणारी.

आम्ही राहतो बजाजनगरला, कारखान्यांच्या वस्तीत, अगदी रस्त्याच्या कडेला. नवरा कंपनीत सुपरवायझर होता. मी शहरातल्या शहागंजातली, कचेरीतल्या कारकुनाची मुलगी. हे मी तेव्हा दर दोन वाक्यांमागं एकदा सांगायचे. समोरच्यानं विचारलेलं नसायचं.

आमच्या ओळीत कोपऱ्यावर एका विधवेचं घर होतं. तिचा नवरा कारखान्यात प्रेस मशीनवर कामाला होता. त्याची बोटं मशीननं नेली, उरलेला माणूस दारूनं. मागं राहिली ही, नर्सिंगला जाणारी एक मुलगी आणि घराचे हप्ते. तिनं पुढच्या खोलीला शटर बसवलं आणि ती खोली देशी दारूच्या दुकानाला भाड्यानं दिली. स्वतः मुलीला घेऊन मागच्या खोलीत राहायची. दुकान गेलं तर हिचं घर जाणार, हे ओळीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. मलाही होतं. त्याशिवाय मला एवढा हुरूप आलाच नसता.

‘ज्या दारूनं नवरा खाल्ला तिलाच हिनं भाडेकरू ठेवलंय’ हे वाक्य माझं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ते सोडलं. वाणाचे डबे घरोघर गेले, त्यांच्याबरोबर वाक्यही गेलं. त्या हळदीकुंकवाला तिला अर्थातच बोलावलं नव्हतं.

आपल्याकडं कायद्यानं बायकांच्या हाती एक चांगलं हत्यार दिलं आहे. पुरेशा बायकांनी सह्या केल्या की गावातल्या दारूच्या दुकानावर मतदान लागतं. मत फक्त बायकांचं. चिठ्ठीवर दोन बाटल्या असतात, एक उभी आणि एक आडवी. आडवीवर शिक्के जास्त पडले की दुकान बंद. मी घरोघर फिरून सह्या गोळा केल्या. लोकांना वाटलं, बाईला दारूची चीड आहे. मला चीड होती ती वेगळीच. कोपऱ्यावरची पाण्याच्या टँकरवर मला ‘या बाईसाहेब’ म्हणून पुढं जाऊ द्यायची नाही.

त्या वेळच्या ग्रामसभेत दोन विषय एकत्र आले. एक आमच्या मतदानाच्या मागणीचा ठराव, दुसरा घरपट्टीची नवीन आकारणी. शाळेच्या पटांगणात मांडव, टेबलामागं सरपंच आणि ग्रामसेवक, पुढं आम्ही बायका, मागं पुरुष. कारकुनाच्या मुलीच्या डोक्यात वळवळ सुरू झाली. मतदान लागायला वेळ लागणार, तोवर घरपट्टीनं हिचं कंबरडं का मोडू नये?

मी माईक घेतला. कुणी दिला नव्हता.

“साहेब, कोपऱ्यावरच्या घराची आकारणी राहतं घर म्हणून कशी? तिथं धंदा चालतो. प्रत्यक्ष पाहणी करा आणि व्यापारी दरानं पट्टी लावा!”

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत माझ्या नवऱ्यानं कपाळावर हात मारलेला मी पाहिला. वाटलं, डास असेल.

इथं एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या मांडवात सगळ्यांना माहीत होती आणि पैठणी नेसलेल्या एकीला नेमकी तेव्हाच आठवली नाही. आमच्या ओळीत प्रत्येक घराच्या मागं, गच्चीवर, जिन्याखाली पत्रे ठोकून खोल्या काढलेल्या होत्या आणि त्यांत कंपनीत कामाला आलेली पोरं भाड्यानं राहायची. पंचायतीच्या दप्तरी मात्र एकाही घरात भाडेकरू नव्हता. कुणी विचारलंच तर तो भाचा. माझ्याकडं पाच भाचे होते. पाचही बिहारचे.

कोपऱ्यावरची उठली. तिला माईक लागला नाही.

“लावा की साहेब. माझं शटर रस्त्यावरनं दिसतंय, मी काय लपवणार? पण पाहणीच करायची हाय तर एकट्या माझ्या घराची कशाला? ह्या शहागंजवाल्या बाईंपासून सुरू करा. लई मोठं गोत हाय त्यांचं. पाच भाचे घरात, आन् एकाला बी मराठी येत नाय.”

मांडव फुटला. पुरुष तर खुर्च्या सोडून हसले. सरपंचांनी तोंडापुढं पाण्याचा ग्लास धरला. ग्रामसेवकानं न हसता विचारलं, “मग ताई, सरसकट सगळ्या ओळीची पाहणी लिहू का?” मी माईकमध्ये काहीतरी बोलले. ते ‘लिहा’सारखं ऐकू आलं असावं. ठराव मंजूर झाला. बाटलीचाही झाला, पण त्याला टाळ्या वाजल्या नाहीत.

पाहणीच्या सकाळी अख्खी ओळ दोऱ्यांवरच्या भाच्यांच्या पँटी गोळा करत होती. मी माझ्या भाच्यांना ओळीनं उभं करून शिकवलं, “मी कोण? मौसी. म्हणा, मौसी.” चार जण कामावर सटकले. पाचवा रात्रपाळी करून आलेला, तो झोपेतून उठून दारात आला.

ग्रामसेवकानं त्याला विचारलं, “ये तुम्हारी कौन लगती है?”

“मौसी.”

मी सुटकेचा निःश्वास सोडला.

“सगी मौसी?”

पोरगं प्रामाणिक. विचार करून म्हणालं, “नहीं साब. किराएवाली मौसी.”

टेप धरणारा शिपाई हसत हसत जिन्यावर बसला, त्याला उठवेना. माझ्या पत्र्यांची मापं निघाली, मग शेजारणीच्या, मग तिच्या शेजारणीच्या. संध्याकाळपर्यंत ओळीतला एकही भाचा भाचा राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या बायका माझ्या ओट्यावर जमल्या. मी चहा टाकला, कुणी घेतला नाही.

“कोणी सांगितलं होतं गं तुला पाहणी मागायला?”

“माईक दिसला की पिसाळते ही.”

“शहागंजात हेच शिकवतात का?”

अध्यक्षपद गेलं. गटाची पेटी घेऊन त्या उठल्या, जाताना एकीनं माझ्याच ओट्यावर चप्पल झटकली.

मला वाटलं, आता या उभ्या बाटलीवर शिक्का मारून माझं नाक कापणार. पण बायकांचा हिशेब इतका सरळ नसतो. मतदानात माझं काहीच जाणार नव्हतं, जाणार होतं ते कोपऱ्यावरचीचं. आणि गोताची गोष्ट चारचौघांत काढली होती ती तिनं. माझ्यावरचा राग त्यांनी तिच्यावर काढला. मतदानाच्या रांगेत तीही उभी होती, तिच्या पुढं-मागं हातभर जागा सोडलेली. शिक्का मारून बाहेर आली आणि कुणी विचारलं नसताना म्हणाली, “मी बी आडवीवरच मारला. माझ्याइतकी तिला वळखणारी हितं कोणंय?”

सगळ्या हसल्या. मीच पहिली हसले. नाटकी बाई, म्हणाले. आज मला वाटतं, ती खरं बोलत होती.

बाटली आडवी झाली. गुलाल उधळत मिरवणूक निघाली, तिच्या बंद शटरसमोर फुगड्या झाल्या. मला कुणी बोलावलं नाही, तरी मी गेले आणि एक फुगडी घातली. जोडीदारीण मिळेना म्हणून शेवटी नणंदेला ओढलं.

मग जे व्हायचं ते झालं. हप्ते थकले, घर विकलं गेलं, मुलीचं नर्सिंग सुटलं आणि ती एका कंपनीत पॅकिंगला लागली. घर घेतलं एका ठेकेदारानं. त्यानं तिथं मजल्यावर मजला चढवला, आता माझ्या ओळीत दुपारीच अंधार होतो. आणि दुकान? परवाना मेला नव्हता, त्यानं फक्त पत्ता बदलला. आमच्या समोरच्या रस्त्यापलीकडं दुसऱ्या ग्रामपंचायतीची हद्द लागते, तिथल्या बायकांनी काही बाटली आडवी केली नव्हती. दुकान तिकडं गेलं. बरोब्बर माझ्या गॅलरीसमोर.

आणि दुकानाच्या बाजूला एक हातगाडी लागली. उकडलेली अंडी, चणे, चिरलेला कांदा. गाडीमागं कोपऱ्यावरची. तिला घर राहिलं नाही म्हणून आता कोपराही नाही, पण मी तिला अजून तेच म्हणते.

संध्याकाळी मला गॅलरीत खुर्ची टाकून देतात. दिवे लागले की पलीकडून हाक येते, ट्रकच्या आवाजावर चढून.

“ओ शहागंजवाल्या बाई! भाचे बरे हायत का?”

“आहेत! तुझ्याकडंच उधारी करतात!” मी ओरडते.

गिऱ्हाइकं हसतात. ती हसत नाही, अंडं सोलत राहते. नवरा निवृत्त झाल्यापासून या वेळी ‘पाय मोकळे करायला’ जातो आणि बडीशेप चघळत परत येतो. परवा मी मुद्दाम विचारलं, “यांना पाहिलंस का गं कुठं?”

अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असं तिनं सांगितलं, “हितंच हायत की काका, गाडीमागं! अंड्याला मीठ कमी टाकलंय हो, बीपी हाय ना त्यांना!”

सून आतून म्हणाली, “आई, आत या, दार लावते.”

मी म्हटलं, राहू दे उघडं. अजून तिचं बोलणं संपलेलं नाही.