पंजात ठेवलेला नारळ

मंडळी, आधीच सांगतो — भूत, करणी, अंगात येणं असलं काही मी मानत नाही. माझं सगळं आयुष्य हायड्रॉलिकच्या तेलात गेलंय. मशीन बिघडलं की कारणं तीनच: तेल कमी, सील फाटलं, नाहीतर माणूस अतिशहाणा. तरीही हे लिहितोय, कारण गेल्या हंगामात जे पाहिलं ते या तिन्हींत बसत नाही.

मी उंब्रजचा. जवळच्याच एका साखर कारखान्यात फिटर आहे. नाव विचारू नका. आमच्या यार्डात ऊस उचलायचं ग्रॅब मशीन आहे — ट्रॅक्टरला लांब बूम, बूमच्या टोकाला लोखंडी पंजा. त्यावर ऑपरेटर होता संजू. माण तालुक्यातला, माझा जिवाभावाचा दोस्त.

गेल्याच्या आधीच्या हंगामात पंजाला पकड राहीना. ऊस धरायचा आणि हवेतच सोडून द्यायचा. सिलिंडरचं सील गेलं होतं. ते आणायला मी सांगलीला निघालो, आणि यार्डाचे सुपरवायझर अण्णा, त्यांना बजावलं की मी येईपर्यंत मशीन बंद ठेवा. अण्णांना कुठला दम! गेटवर गाड्यांची रांग लागलेली. त्यांनी प्रेशर व्हॉल्व्हचा स्क्रू पिळला, म्हणजे पंजाला जोर येईल. पुढं दातांत ऊस अडकला. अशा वेळी पंजा जमिनीला टेकवायचा, इंजिन बंद करायचं, लिव्हर हलवून उरलेलं प्रेशर सोडायचं आणि मगच हात घालायचा. संजूला हे तोंडपाठ होतं. तरी तो उचललेल्या पंजाखाली गेला. जादा प्रेशरनं होज, म्हणजे तेलाचा पाइप, फुटला आणि बूम त्याच्यावर आला. संजू जागेवरच गेला.

मी परतलो तोवर अण्णांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं — संजू प्यायला होता, आपल्या मनानं खाली शिरला. रिपोर्टातही तेच. अरे, त्यानं उभ्या जन्मात दारूला हात लावला नव्हता! व्हॉल्व्हच्या नटावर पान्याचे ताजे ओरखडे होते, ते मी साहेबांना दाखवले. कोण ऐकतो... गावाकडं त्याच्या बायकोला, सुनंदा वहिनीला, बाया तोंडावर 'दारुड्याची बायको' म्हणायला लागल्या. अण्णांच्या तोंडून खरं वदवून घेतल्याशिवाय सोडायचं नाही, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. त्यांनी पाठवलेला चहासुद्धा मी ओतून द्यायचो.

हंगाम सुरू होताना यार्डात पूजा असते. आमच्याकडची रीत अशी, की उघड्या पंजात नारळ ठेवायचा आणि मग मशीन चालू करून पंजानंच तो फोडायचा. नारळ ठेवायचा मान अण्णांचा. गेल्या हंगामाच्या पूजेला सकाळचे दहा, लख्ख ऊन, शंभरेक माणसं. पंजा मीच उघडा करून जमिनीवर टेकवला. इंजिन बंद केलं, लिव्हर पुढंमागं केल्या, प्रेशर दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर आला. किल्ली माझ्या खिशात. सील, होज, व्हॉल्व्ह, सगळं मीच नवं बसवलेलं.

अण्णांनी नारळ ठेवला. शेंडी वर करायला पुन्हा हात आत घातला... आणि पंजा मिटायला लागला. आवाज नाही, धक्का नाही, अगदी सावकाश. दोन दात मनगटावर येऊन थांबले. हाड मोडलं नाही, पण हात काही निघेना. चौघांनी पहार घालून जोर लावला, पहार वाकली. मी गेज पाहिला. काटा शून्यावरच होता.

अण्णांना दरदरून घाम फुटला. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. खोटं कशाला बोलू — मला बरं वाटत होतं, लय बरं. हळूच विचारलं, "अण्णा, त्या दिवशी काय झालं?"

पंजावरची नजर न हलवता ते बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "स्क्रू मी पिळला. न्हाई न्हाई म्हनत हुता तरी त्याला खाली मीच घातला. संजू प्याला नव्हता."

पंजा उघडला. मिटला तसाच, सावकाश.

एवढ्या लोकांसमोर बोललेला शब्द अण्णा फिरवणार कुठं? रिपोर्ट बदलावा लागला. इंजिनियर येऊन बघून गेले, तेलात हवा अडकली असेल म्हणाले. हवेनं पहार वाकते होय? मी स्वतः चार वेळा मशीन खोललं. दोष सापडला नाही, अजूनही नाही.

वहिनीला सांगायला मी माणमध्ये गेलो. कुणालाच न सांगितलेलं एक तिला सांगितलं. असा पंजा अडकला, तर होजचा नट दोन आटे ढिला करून तेल सोडायचं, हे फिटरचं पहिलं काम. सुटला असता की नाही, ठाऊक नाही. पण पाना माझ्या हातात होता आणि मी तो लावला नाही.

वहिनी म्हणाली, "ह्यांनी लय लवकर सोडला, भावजी. आजून थोडा येळ धरायचा हुता."