तळाशी तुटलेली तार

मानसिंग घाडगे मूळचा खटाव तालुक्यातला. नौदलात विंचवर, म्हणजे जाड तार सोडायच्या-ओढायच्या यंत्रावर, नोकरी करून तो परत आला आणि बहात्तरच्या दुष्काळात आटपाडीकडं विहिरींच्या यारीवर लागला. विहिरीत फोडलेला दगड आणि खालची माणसं ही यारी तारेनं वर ओढायची. तिथंच त्याला गुंडा खिलारे भेटला. मेंढरं दुष्काळात गेली म्हणून गुंडा विहिरीत उतरून सुरुंग लावायचा. त्याला वर घ्यायचं काम मानसिंगचं. वात पेटवून गुंडा खालून ओरडायचा, "दादा, वढा!" आणि मानसिंगचा हात कधी चुकला नाही.

चौऱ्याहत्तर साली नौदलातल्या एका ओळखीच्यानं निरोप धाडला, की मुरगावला एका परदेशी बोटीला विंचवाला पाहिजे. समुद्राच्या तळावर बटाट्याएवढे काळे गोळे पसरलेले असतात. त्यांत निकेल, तांबं, मँगनीज असतं. ते उपसायला परवडतील का, हे ती बोट बघत होती. मानसिंगला त्यांनी लगेच घेतलं. त्यानं गुंडाला पुढं केलं.

"यानं समुद्र बघितलाय?" बोटीवरच्या साहेबानं विचारलं.

"न्हाई. पण ह्याचा जामीन मी."

निघताना मानसिंगच्या बायकोनं, अंजनानं, दोघांना भाकरी-चटणी बांधून दिली. मिरजेहून छोट्या गाडीनं दोघं गोव्याला गेले. बोटीवर गुंडा ओकून ओकून आडवा झाला, तेव्हा मानसिंगनं त्याचे कपडे धुतले, त्याला पेज भरवली. बरा झाल्यावर त्याला विंचचा ब्रेक धरायला शिकवला.

लोखंडी पिंजरा तीन मैल खोल सोडायचा, तळावर फरफटवायचा आणि गोळ्यांनी भरला की ओढून घ्यायचा. एका दुपारी पिंजरा तळाशी असताना मानसिंग गुंडाला ब्रेकवर ठेवून ग्रीस आणायला खाली गेला. गुंडानं तार गरजेपेक्षा जास्त सोडली. तळावर तिची वेटोळी पडली, ओढताना पीळ आवळला आणि तार तुटली. पिंजरा गेला, बोटीचं काम थांबलं.

साहेबानं दोघांना समोर उभं केलं. "ब्रेकवर कोण होतं?"

मानसिंग गप्प राहिला. गुंडानं आपल्या तोंडानं कबूल करावं, मग आपण म्हणू, शिकवणारा मी आहे, मलाबी धरा. असं त्यानं मनात ठरवलं होतं.

गुंडा खाली बघत म्हणाला, "दादा हुतं. मी ग्रीस आणाय गेलतो."

मानसिंगला क्षणभर ऐकू आलेलं खरं वाटेना. मग तो ओरडला, "गुंडा, काय बोलतुयास रं?" पण आधी गप्प बसलेल्या माणसावर साहेबाचा विश्वास बसला नाही. कोलंबोला मानसिंगला उतरवलं. गुंडा वर कठड्याशी उभा होता. त्यानं हात हलवला नाही.

घरी आल्यावर अंजनानं पाणी दिलं आणि विचारलं, "गुंडाभावजी कुठं हायती?"

"बोटीवर."

पुढचं सांगायला त्याला महिना लागला. ऐकून ती एवढंच म्हणाली, "मी त्येला लोणचंबी दिलंवतं."

मानसिंग पुन्हा यारीवर गेला. तीन वर्षांनी मायणीजवळ एका विहिरीवर गुंडा आला. अंगात टेरिलिनचा सदरा, हातात एक काळा खरबरीत गोळा.

"दादा, तुमच्यासाठी आणलाय. पोरं बारकी हुती माझी. भ्यालो मी."

"माझी काय मोठी हुती?"

"शिव्या घाला, मारा. पण कायतरी बोला."

"इहिरीत मानसं हायती," मानसिंग म्हणाला. "बाजूला हो."

गुंडा बराच वेळ उन्हात थांबला आणि गोळा घेऊनच परत गेला.

त्याच्या पुढच्या वर्षी मानसिंगचा भाचा आकाराम नौदलाच्या भरतीला निघाला. "मामा, नौदलातल्या तुमच्या जुन्या साहेबाला तुमी एक शब्द टाका."

पोरगा चांगला होता, हे मानसिंगला माहीत होतं. तरी तो म्हणाला, "जा तू. पण माझं नाव सांगू नगंस."

आकारामला ते फार लागलं. तो आपल्या हिमतीवर भरती झाला आणि मामाच्या पाया न पडताच गेला. तो गेल्याचं मानसिंगला अंजनाकडून कळलं.