'शक्य आहे' म्हणालो तेव्हा

मेहकरच्या एका ज्युनियर कॉलेजात मी तर्कशास्त्र शिकवायचो आणि माझा मित्र भौतिकशास्त्र. तो सुलतानपूरहून बसने ये-जा करायचा. तास संपले की स्टाफरूममध्ये आमचा वाद सुरू व्हायचा, तोही वर्षानुवर्षं एकच: काळ म्हणजे काय?

त्याचं म्हणणं, काळ वाहत नाही. "मेहकर-सुलतानपूर रस्ता सगळाच्या सगळा एकाच वेळी आहे ना? आपण फक्त पुढं जाऊन राह्यलो. मागचं गाव पुसल्या जात नाही बे." मी म्हणायचो, गेलेलं ते गेलं, पण घडलं ते वेगळंही घडू शकलं असतं. ज्यात विसंगती नाही, असं कुठलंही जग शक्य आहे. बाकीचे शिक्षक आम्हाला हसत घरी जायचे.

एका दुपारी वाद ऐन रंगात असताना त्याच्या बायकोचा फोन आला. छातीत जळजळतंय म्हणाली. तो म्हणाला, "ॲसिडिटी असन. चारच्या बसनं येतो." बॅग उचलून तो निघालाच होता. मी म्हणालो, "हरला म्हणून पळून राह्यला का बे?"

तो हसला आणि पुन्हा बसला. चारची बस गेली. पुढच्या बसने तो पोचला तेव्हा अंगणात शेजारीपाजारी जमले होते आणि त्याच्याशी बोलायला कोणी पुढे येईना.

तेरवीनंतर तो कामावर आला. स्टाफरूम रिकामी झाल्यावर त्याने विचारलं, "मी चारच्या बसनं गेलो असतो अन् ती वाचली असती, असं जग शक्य आहे का?"

इतक्या वर्षांची सवय. मी लगेच म्हणालो, "शक्य आहे. त्यात विसंगत काहीच नाही."

त्याने मान हलवली. "म्हणजे चूक माझी."

आपण काय बोलून बसलो ते मला तेव्हा कळलं. घाईघाईने मी त्याचीच बाजू घेतली. दुसरं काही होणंच शक्य नव्हतं, म्हणालो. आणि मागचं पुसलं जात नसेल तर तीही आहेच की.

"आहे ना," तो म्हणाला. "पण मग तिचं दुखणं बी तिथंच आहे. फोन हातात धरून बसून आहे ती. ते सरतच नाही." मग माझ्याकडे बघत म्हणाला, "अन् तुले तर हे कधीच पटलं नाही. आता काऊन म्हणून राह्यला?"

'तुले मी थांबवलं' एवढंच मला बोलायचं होतं. बोललो नाही. त्यालाही ते ठाऊक होतं. त्याने तो विषय कधी काढला नाही, तेच जास्त जड गेलं.

वर्षअखेरीस त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली. एकदा मी त्याच्या घरी गेलो. त्याने स्वतः चहा केला. सोयाबीनवरच्या अळीबद्दल बोलला, मुलीच्या परीक्षेबद्दल बोलला. तासाभरात आम्ही एकमेकांच्या एकाही वाक्याला 'नाही' म्हटलं नाही. उठताना मी "येतो" म्हणालो. तो "हाव" म्हणाला.

त्यानंतर मी गेलेलो नाही.