ओठाचा डावा कोपरा

संकेत, पूर्वसूचना, ‘आतून काहीतरी जाणवलं’... या ग्रुपवरचं असलं वाचून मी आजवर फक्त हसलेय. लिहिणाऱ्यांना कामधंदे नसावेत, हे माझं प्रामाणिक मत. आयर्लंडमध्ये शॅननला मेडिकल डिव्हाइसच्या प्लांटमध्ये मी क्वालिटी बघते. जे मोजता येत नाही, ते माझ्या लेखी नसतंच.

गेल्या वर्षी एनिसमध्ये शनिवारी सकाळचा ऑइल पेंटिंगचा क्लास लावला. शिकवणारी नुआला, साठीची. पद्धत एकच — जुन्या नामवंत चित्रकाराने काढलेलं पोर्ट्रेट समोर ठेवायचं आणि हुबेहूब उतरवायचं. मला मिळाली पांढऱ्या कॉलरची एक डच म्हातारी. बाकीचे सगळे रिटायर्ड हौशी, लक्ष रंगांपेक्षा बिस्किटांत. मी मात्र चौकटी आखून, मिलिमीटर मोजून काम करत होते.

तरी म्हातारीच्या ओठाचा डावा कोपरा खाली उतरायचा. मूळ चित्रात ओठ सरळ, घट्ट मिटलेले. पुसलं, परत काढलं... परत तेच!

“गेला बघ पुन्हा तुझा कोपरा,” म्हणत नुआला स्वतःच्या ब्रशने तो सरळ करायची. पुढच्या शनिवारी माझ्या हातून परत तसाच. बाईला शिकवताच येत नाही, मी ठरवून टाकलं.

पाचव्या शनिवारी ती माझ्याशेजारी उभी राहून तोच कोपरा दुरुस्त करत होती. अचानक ब्रश तिच्या हातातून गळला. मी वर पाहिलं — माझ्या कॅनव्हासवरचा ओठ तिच्या चेहऱ्यावर होता. तोच उतार.

“शी इज ग्रँड, ठीक आहे ती, फक्त दमलीये. चहा द्या तिला,” मागून डेक्लन नावाचे आजोबा म्हणाले.

“चहा नको! कुणी काही देऊ नका, घशात अडकेल!” मी ओरडले आणि ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

लिमरिकच्या हॉस्पिटलमध्ये कळलं — स्ट्रोक. वेळेत आणलं म्हणून वाचली. आता काठी घेऊन चालते, बोलते.

“तिचा ओठ आधीपासूनच किंचित उतरलेला असणार,” माझा नवरा निखिल म्हणाला. “तू नकळत तोच काढत होतीस.”

मलाही हाच खुलासा हवा होता. खात्रीसाठी फोनमधले जुने फोटो काढले. क्लासच्या महिनाभर आधी घरीच व्हिडिओ बघून एक कॉपी केली होती — दुसऱ्याच चित्रकाराची, एका तरुण पुरुषाची. तेव्हा नुआला कोण हेही मला माहीत नव्हतं. मूळ चित्रात ओठ सरळ, पण माझ्या कॉपीत त्या पुरुषाच्या ओठाचा डावा कोपरा तसाच खाली आलाय.

निखिलला दाखवलं. त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि फोन परत दिला.

तुम्हाला काही खुलासा सुचला तर सांगा. फक्त कमेंटमध्ये ‘देवाची कृपा’ लिहू नका... डोकं फिरतं.